खड्डे पडलेला जुना सोलिंगन वस्तरा दाढीला परत येईल का?

मांडवीकाठ
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक जुना वस्तरा मिळाला. पातं 5/8 इंच रुंद, दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेलं, देठावर जर्मनीतल्या सोलिंगनचा (पात्यांसाठी नावाजलेलं गाव) शिक्का. पाठीकडे लाल गंज, मधोमध काळे खड्डे. मूठ पिवळट आणि आरपार उजेड जाणारी; पितळी रिवेटभोवती हिरवं चढलंय. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून मग बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) मार, असा सल्ला मिळाला. तसं करावं का? शोकेसमध्ये ठेवायचा नाही, दाढी करायची आहे.

पोलादी
दोन्ही करू नका. व्हिनेगर गंजाबरोबर पोलादही खातं, खड्ड्यांच्या कडा आणखी पसरतात. बफ त्याहून वाईट. धारेकडे पातं कागदासारखं पातळ असतं, उष्णता तिथेच साचते आणि 200 अंशांच्या पुढे पोलादाचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरायला लागतं. पात्यावर पिवळा-निळा रंग चढला की त्या जागी धार टिकायची नाही.

आधी 10 पट भिंगाखाली धारेलगतचे 2 मिमी तपासा. पोटातले खड्डे फक्त दिसायला वाईट. धारेवर आलेला खड्डा म्हणजे तिथे कपची उडणार. 1000 च्या दगडावर (आकडा दाण्याचा, जितका मोठा तितका दाणा बारीक) थोडं झिजवून पुढे निरोगी पोलाद लागलं तर ठीक. कपच्या पडतच राहिल्या तर त्याने दाढी करू नका.

गंजासाठी वॉटर पेपर 400, 600, 1000, 2000, शिलाई मशीनचं तेल लावून. पातं लाकडी ठोकळ्यावर आडवं टेकवा, कागद बुचाच्या तुकड्याला गुंडाळा आणि पाठीकडून धारेकडे ओढा, उलट कधीच नाही. सगळे खड्डे घालवायच्या हट्टाला पेटू नका, पातं पातळ होऊन लवायला लागतं. पाठीचा जो सपाट पट्टा दगडाला टेकतो त्याला कागद लावूच नका. धारेचा कोन तोच ठरवतो. एका बाजूने जास्त घासला गेला की धार कायमची तिरकी बसते.

शिसवी_मूठ
मुठीकडे आधी बघा, रोग तिथेच असण्याची दाट शक्यता आहे. वर्णन सेल्युलॉइडचं वाटतं. ते कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि पातं मिटलेलं असताना आतून गंजतं. अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या, कापरासारखा आला तर सेल्युलॉइडच. तापलेल्या सुईने तपासू नका, भडकन पेटतं. मूठ फक्त जुनी असेल तर राहू दे. रिवेट हिरवे आणि मुठीत बारीक चिरा असतील तर ती जायला हवी. रिवेटचं डोकं कानशीने सपाट करून पंचने हळूच बाहेर ठोका, पात्याने उचकटू नका. नवी मूठ शिसमाची किंवा म्हशीच्या शिंगाची, रिवेटला 1.5 मिमी पितळी तार.

मांडवीकाठ
देव बरें करूं. मूठ काढली, कापराचा वास होताच. पण पातं घासून पुसून ठेवलं तरी खड्ड्यांत परत लाल ठिपके येतात.

पोलादी
खड्ड्याच्या तळाशी क्षार अडकलेत, आणि आपल्याकडची खारी हवा त्यात भर घालते. मूठ नाहीच, तर पातं डिस्टिल्ड वॉटरमध्ये 20 मिनिटं उकळा, पाणी बदलून पुन्हा एकदा. लाल गंज काळा पडतो. तो काळा थर वाढत नाही, सुटा असेल तेवढाच फडक्याने पुसा. 100 अंशांना पोलादाच्या पाण्याला, म्हणजे कठीणपणाला, धक्का लागत नाही. गरम असतानाच कोरडं करून मशीनचं तेल लावा. खोबरेल नको, खवटतं आणि चिकटतं. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवा.

मग 1000, 4000, 8000, 12000 चे दगड. पाठीवर इन्सुलेशन टेपचा एक थर, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर 50 फेऱ्या, पाठ पुढे ठेवून. घाई होते ती 1000 वर. तिथेच धारेच्या पूर्ण लांबीने हातावरचे केस निघाले पाहिजेत. एखाद्या जागी अडलं तर तिथे दोन बाजू अजून जुळलेल्या नाहीत, आणि पुढचे दगड त्या जुळवत नाहीत.