नीट रिपीट करावी की बीएएमएस घ्यावं? मदत हवी आहे
धाकट्या बहिणीला नीटमध्ये ७२० पैकी ४६८ मार्क पडले. ओपन कॅटेगरी, पहिलाच प्रयत्न. बायोलॉजीत ३६० पैकी ३०२, केमिस्ट्रीत ११५. घात केला तो फिजिक्सनं, १८० पैकी फक्त ५१. राज्य कोट्याच्या मागच्या कटऑफ याद्या तपासल्या, सरकारी एमबीबीएस बसत नाही. खासगीची फी झेपणार नाही. बीएएमएसला नांदेड किंवा धाराशिवच्या सरकारी कॉलेजची आशा आहे. तिला मात्र एमबीबीएसच करायचंय, आणि मला तिचं मन मोडायचं नाही. आम्ही परभणीचे, लातूरला होस्टेल, क्लासचा खर्च एकच वर्ष जमेल. फिजिक्स एवढं कच्चं असताना लातूरला रिपीट केलेल्यांचे त्या विषयात वर्षभरात खरोखर किती मार्क वाढले?