कडक पीव्हीसीतली खनिजे: ‘उष्णतारोधक’ की ‘उष्णता-स्थिरक’?

प्रश्न: पीव्हीसी पाइपच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतो आहे. मिश्रणात कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझर, हायड्रोटाल्साइट आणि कॅल्शियम कार्बोनेट आहे. तिघांना मिळून ‘उष्णतारोधक खनिजे’ म्हणावे का?

उत्तर: नको. उष्णतारोधक म्हणजे उष्णता पलीकडे जाऊ न देणारे, उदा. ग्लासवूल. इथे काम वेगळे आहे. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या यंत्रात, १७०–२०० अंश सेल्सिअसला पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि तोच पुढचे विघटन वाढवतो. माल आधी पिवळा, मग तपकिरी, शेवटी काळा. हे लांबवणारा तो ‘उष्णता-स्थिरक’. कारखान्यात मात्र ‘स्टॅबिलायझर’च चालतो, तोही लिहायला हरकत नाही.

हायड्रोटाल्साइटला ‘सह-स्थिरक’ म्हणा. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या थरांमधला कार्बोनेट सोडून ते क्लोराइड धरून ठेवते. एकटे पुरत नाही, पण झिंकबरोबर फार उपयोगी: झिंक सुरुवातीचा रंग स्वच्छ ठेवतो, मात्र त्यातून झालेला झिंक क्लोराइड पुढे विघटनाला उलट हातभार लावतो आणि माल एकदम काळा पडतो. याला ‘झिंक बर्निंग’ म्हणतात. मात्रा साधारण ०.५ ते २ पीएचआर, म्हणजे १०० भाग रेझिनमागे (नुसत्या पीव्हीसीमागे) तितके भाग. पीएचआरचे ‘टक्के’ करू नका. टक्के एकूण मिश्रणाचे असतात.

प्रतिसाद: एक भर. हायड्रोटाल्साइटच्या थरांत पाणी असते. पोते उघडे राहिले किंवा एक्स्ट्रूडरचा व्हॅक्यूम कमी पडला, तर पाइपमध्ये बुडबुडे येतात.

प्रश्न: मग कॅल्शियम कार्बोनेट?

उत्तर: ते ‘पूरक’, बोलीत फिलर. सुटलेले आम्ल (हायड्रोजन क्लोराइड) थोडेफार शोषते, पण स्थिरकाची जागा घेत नाही. स्टिअरिक आम्लाचा लेप असलेली बारीक पावडर घ्यावी, आणि हॉट मिक्सरमध्ये स्थिरकानंतर टाकावी. आधी टाकली तर स्थिरक आणि वंगण तिच्याच पृष्ठभागावर अडकतात.

प्रतिसाद: ‘उष्णता-स्थैर्य’ आणि ‘उष्णता-सहनक्षमता’ हेही वेगळे ठेवा. पहिले काँगो रेड चाचणीत कळते: नमुना परीक्षानळीत तापवायचा आणि वर धरलेला काँगो रेड रंगद्रव्याचा लाल कागद सुटलेल्या हायड्रोजन क्लोराइडने निळा होईपर्यंतची मिनिटे मोजायची. दुसरे म्हणजे पाइप किती अंशांना मऊ पडतो. त्यासाठी विकॅट चाचणी. हायड्रोटाल्साइट वाढवून विकॅटचा आकडा वर जात नाही.