मदत हवी आहे: मेट्रो बोगद्यात बंद पडली, दिवे चालू होते तरी गाडी हलेना. बुधवारी परत जायचंय

पाऊलवाट (सोमवार, रात्री ८.४०)
आज सकाळी भुयारी मेट्रो दोन स्टेशनांच्या मधे बंद पडली. ३५ मिनिटं. एसी गेला, दिवे मात्र चालू. दिवे चालू म्हणजे वीज होती ना? मग गाडी का नाही हलवली? ड्रायव्हरने दोनदा सांगितलं, 'सप्लाय नाही, गाडीतच थांबा.' पुढे काही नाही. बुधवारी परत तेच करायचंय. जाऊ की नको, एवढंच सांगा. माहिती असलेल्यांनीच लिहा आणि जरा लवकर.

चौकस (८.५२)
कुठलं शहर? गाडीला वीज वरच्या तारेतून येते की खालच्या तिसऱ्या रुळातून? आणि 'तेच करायचंय' म्हणजे काय, ऑफिस का?

पाऊलवाट (८.५५)
शहराने काय फरक पडतो? बोगदा सगळीकडे बोगदाच. जायचं टाळता येत नाही, एवढं धरून चाला.

सबस्टेशन (९.०६)
शहर राहू द्या. ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे गाडी ओढणाऱ्या विजेच्या कामात, २६ वर्षं काढली आहेत, म्हणून दोनच गोष्टी विचारतो. खिडकीतून बोगद्याच्या भिंतीवरचे दिवे दिसत होते का? आणि एसी बंद झाल्यावर वरून थोडा तरी वारा येत होता का?

पाऊलवाट (९.११)
भिंतीवरचे दिवे होते. माझ्या खिडकीसमोरच एक ट्यूब होती, तिच्याखाली भिंत झिरपत होती. सगळा वेळ त्या ओलीकडेच बघत होते. वाऱ्याचं म्हणाल तर आधी एकदम सगळं गप्प झालं, मग छतातून बारीक घरघर सुरू झाली. वारा म्हणावा असा नव्हता.

सबस्टेशन (९.२८)
मग शहराची वीज गेली नव्हती, तुमची गाडी ओढणारी वीज गेली होती. भुयारी रेल्वेत वीज एकाच वाटेने येत नाही. बाहेरून उच्च दाबाने आलेली वीज मेट्रोच्या सबस्टेशनात फुटते. एक वाट गाडीकडे: कुठे डोक्यावरच्या तारेतून २५ हजार व्होल्ट, कुठे तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट. दुसरी वाट स्टेशनांकडे: दिवे, लिफ्ट, सरकते जिने, पाणी उपसणारे पंप, बोगद्यात हवा खेळवणारे मोठे पंखे. सिग्नलच्या मागे यूपीएस वेगळा. भिंतीवरचे दिवे चालू होते म्हणजे दुसरी वाट बहुतेक शाबूत होती.

डब्यातले दिवे आणि ती घरघर गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर. एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीला झेपत नाही, म्हणून तो आधी जातो आणि फक्त हवा फिरवणारा पंखा उरतो. ही बॅटरी साधारण पाऊण ते एक तास धरते, गाडीगणिक कमी-जास्त. तेव्हा दिवे बघून गाडी चालेल असं समजू नका. ते दिवे तुम्हाला धीर द्यायला आणि दार सापडायला असतात.

बॅटरीवाला (९.३५)
मी हे कधीपासून सांगतोय. त्याच बॅटरीला मोठं करा आणि गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत न्या! टोकियोत मारुनोउची मार्गावरच्या २००० मालिकेच्या गाड्यांत हीच सोय आहे. वीज गेली तरी गाडी आपल्या बळावर हळूहळू स्टेशन गाठते. २०१९ पासून त्या धावतायत. आपल्याकडे प्रत्येक गाडीत हे सक्तीचं केलं की असे धागे निघणारच नाहीत.

सबस्टेशन (९.४१)
सोय चांगलीच आहे, वाद नाही. पण जुन्या गाडीत ती बसवायची तर जागा, वजन, थंड ठेवण्याची व्यवस्था सगळं नव्याने बघावं लागतं. आणि पुढच्या स्टेशनात आधीच गाडी उभी असेल तर? बॅटरी असली तरी तुम्ही तिच्या मागेच थांबणार.

बॅटरीवाला (९.४४)
मग मागच्या स्टेशनात या. कारणं शोधायची तर हजार सापडतील.

हक्कदार (९.५०)
पाऊलवाट, तिकिटाचा फोटो काढून ठेवा. कार्ड असेल तर आत-बाहेर केल्याच्या वेळा ॲपमध्ये दिसतात, त्या जपा. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला काही अर्थ नसतो. मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो.

पाऊलवाट (९.५३)
तिकिटाचे पैसे कुणी मागितले? बुधवारी जाऊ का, हे विचारतेय.

जुनाणे (९.५८)
नका जाऊ. सरळ रस्त्याने जा. जमिनीखाली अडकलात तर कुणाच्या हातात काही नसतं. १४ ऑगस्ट २००३ ला न्यूयॉर्कमध्ये दुपारी चारनंतर वीज गेली, तेव्हा भुयारी गाड्यांतून ४ लाखांवर माणसं बाहेर काढावी लागली. दिल्लीत ३१ जुलै २०१२ ला दुपारी ग्रिड कोसळलं तेव्हाही मेट्रो जागच्या जागी थांबली होती.

सबस्टेशन (१०.०४)
न्यूयॉर्कचं उदाहरण दिलंत तर पूर्ण द्या. तेवढी माणसं सुखरूप बाहेर आली, हे त्यातलं महत्त्वाचं आहे. ब्रेकचं नियंत्रण तुटलं की ब्रेक आपोआप लागतात, सिग्नल बिघडला की लाल होतो. सगळी रचनाच अशी की बिघडलं तर थांबायचं. तुम्ही मोठा ब्लॅकआउट आणि एका सेक्शनचं ट्रिप होणं (एका टप्प्याची वीज आपोआप तुटणं) एकाच मापाने मोजताय.

भुईकोट (१०.१५)
लंडनची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. तिथल्या भुयारी रेल्वेचं स्वतःचं वीजकेंद्र होतं, लॉट्स रोडला, १९०५ पासून. ते २००२ मध्ये बंद केलं आणि सगळा भार बाहेरच्या ग्रिडवर टाकला. वर्षही झालं नाही तोच २८ ऑगस्ट २००३ ला संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी दक्षिण लंडनची वीज गेली. कारण काय, तर ५ ॲम्पिअरच्या जागी १ ॲम्पिअरचा संरक्षक रिले (बिघाड झाला की वीज तोडणारं उपकरण) बसवलेला! एवढीशी वस्तू. आपलं वीजकेंद्र आपल्या हातात हवं, ते असं.

सबस्टेशन (१०.२४)
रिलेची गोष्ट खरी. पण चुकीचा रिले आपल्या वीजकेंद्रातही बसू शकतो. त्या दिवसातला माझ्या दृष्टीने मोठा धडा दुसराच आहे. वीज गेली होती साधारण अर्धा तास, गाड्या मात्र पुढचे कित्येक तास रुळावर आल्या नाहीत. वीज येणं आणि गाडी सुटणं यांच्यात बरंच काही असतं. सगळ्या गाड्यांनी एकदम भार ओढला तर पुन्हा ट्रिप, म्हणून एकेक करून सोडायच्या. पुढची हलल्याशिवाय मागचीला सिग्नल नाही.

पाऊलवाट, म्हणून एक विचारतो. गाडी थांबल्यावर कुणी दार उघडायचा प्रयत्न केला होता का?

पाऊलवाट (१०.२९)
हो, ते लिहायचं राहिलं. पलीकडच्या डब्यात कुणीतरी इमर्जन्सीचं हँडल ओढलं. दार थोडं उघडलं म्हणे. एक-दोन माणसं खाली उतरली असंही लोक म्हणत होते, मी पाहिलं नाही. नंतर टॉर्च घेतलेले दोघे कर्मचारी खिडकीबाहेरून चालत गेले.

सबस्टेशन (१०.३८)
हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतंत. मी तिथे नव्हतो, तेव्हा छातीठोकपणे नाही म्हणत. पण नुसता सेक्शन ट्रिप झाला असता तर शेजारच्या सबस्टेशनाकडून वीज वळवून घेता येते, त्याला थोडकी मिनिटं लागतात. मात्र रुळावर माणूस असल्याची शंका जरी आली, तरी कंट्रोल रूम वीज सोडत नाही. माणूस पाठवायचा, पूर्ण टप्पा चालत तपासायचा, सगळे वर आल्याची खात्री करायची, मग वीज. तुमच्या ३५ मिनिटांतली बरीच त्या हँडलने खाल्ली असणार. ज्याने ओढलं तो घाबरलेला होता, त्याला दोष देत नाही. पण प्रत्येकाने हे मनात पक्कं ठेवावं: सांगितल्याशिवाय उतरायचं नाही. दिवे गेले तरी तिसऱ्या रुळात वीज नाही असं धरायचं नाही, ती कधीही परत येते.

चौकस (१०.४५)
पाऊलवाट, आता तरी सांगा, बुधवारी काय आहे? त्याशिवाय 'जाऊ की नको' याला उत्तर कसं देणार?

पाऊलवाट (१०.५७)
बाबांचं डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी ८ ची पाळी. ते व्हीलचेअरवर असतात. लिहिलं नाही का मी? आमचं रोजचं झालंय, म्हणून राहिलं असेल. रस्त्याने दीड तास लागतो आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांची कंबर धरते, म्हणून मेट्रो.

आज गाडी उभी असताना त्यांनी खुर्चीच्या ब्रेकचा दांडा हाताने दाबून धरला होता. ब्रेक आधीच लागलेला होता, गाडी तर जागची हलतच नव्हती. तरी पूर्ण वेळ हात काढला नाही. स्टेशन आलं तेव्हा तळहातावर दांड्याचा वळ होता. घरी आल्यावर म्हणाले, 'सगळे चालत गेले असते तर मी?' मला उत्तर देता आलं नाही. म्हणून विचारतेय.

जुनाणे (११.०३)
माफ करा ताई, मला वाटलं ऑफिसचं असेल. पाण्याची मोठी बाटली ठेवा बरोबर, अडकलात तर त्यांना थोड्या थोड्या वेळाने भरपूर पाजत राहा.

रातराणी (११.०८)
जुनाणे, हे कृपया काढा. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून असतं, उकाड्यात भरपूर पाजणं त्यांना बाधू शकतं. मी डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. पाऊलवाट, ओला रुमाल आणि हातपंखा ठेवा, ओठ ओले करा, पाणी मात्र डॉक्टरांनी दिलेल्या मापातच. युनिटचा नंबर हाताशी ठेवा आणि अडकल्या अडकल्या मेसेज करा, बोगद्यात रेंज असेल तेव्हाच. आधी कळलं तर पाळी मागेपुढे करायला आम्हाला सोपं जातं. पेशंट आलाच नाही म्हणून मशीन दुसऱ्याला लावलं, की मग पंचाईत होते.

सबस्टेशन (११.२६)
बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. चालत बाहेर काढणं हा शेवटचा उपाय असतो. आधी वीज वळवून बघतात, मग दुसरी गाडी किंवा डिझेल इंजिन आणून ढकलत-ओढत स्टेशनात नेतात. त्यानेही भागलं नाही तरच चालवतात. तेव्हा कुठे गाडीच्या तोंडाचं दार उघडून उतरती फळी लावतात, कुठे बाजूच्या अरुंद कट्ट्यावरून नेतात. दोन्हीकडून व्हीलचेअर सहज जात नाही, माणूस उचलावा लागतो. म्हणून खुर्ची कुठल्या डब्यात आहे हे कंट्रोल रूमला आधीच माहीत असलं पाहिजे.

बुधवारी जा. चढायच्या आधी स्टेशन कंट्रोलरला सांगा: व्हीलचेअर, अमुक डबा, अमुक स्टेशनाला उतरणार. तो पुढच्या स्टेशनाला कळवतो. ड्रायव्हरच्या शेजारच्या डब्यात बसा. गाडी थांबली तर प्रवासी आणि ड्रायव्हर यांच्यातल्या इंटरकॉमचं बटण दाबून 'व्हीलचेअर आहे' एवढंच सांगा. हँडलला हात लावू नका. आणि लिफ्टचं विचारून घ्या: वीज गेल्यावर ती जवळच्या मजल्याला येऊन दार उघडते का, आणि जनरेटरवर चालते का.

भुईकोट (११.३१)
पंपांचं कुणीच बोललं नाही. भिंत झिरपत होती म्हणता. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे कोरड्या दिवशीही रोज सुमारे ५ कोटी लिटर पाणी उपसते. वीज जास्त वेळ गेली तर रुळावर...

चौकस (११.३२)
भुईकोट, त्यांना झोपायचं असेल. पंपांचा वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

पाऊलवाट (बुधवार, दुपारी २.१०)
गेलो. गाडी कुठेच थांबली नाही.

स्टेशन कंट्रोलरला सांगितल्यावर त्यांनी वहीत डबा आणि उतरायचं स्टेशन लिहिलं, फोन केला. उतरलो तिथे एक कर्मचारी आमच्या दारासमोरच उभा होता. लिफ्टचं विचारलं: वीज गेली तर जवळच्या मजल्याला येऊन उघडते, पण पुढे चालत नाही, जनरेटरवर नाही. म्हणजे फलाटावर अडकलो तर वर यायला उचलणारी माणसं लागणार. हे आजवर माहीतच नव्हतं.

बाबांनी स्वतः त्या कर्मचाऱ्याला विचारलं, मला उचलायला किती जण लागतील. तो म्हणाला, चौघं, आणि सकाळच्या पाळीला आम्ही तिघं असतो.

सबस्टेशन, चौथा माणूस मागायचा असेल तर अर्ज कुणाकडे करायचा?