इथिओपियात अजून २०१८ साल? आणि बस 'सकाळी १२ वाजता'?

प्रश्न – भटका_पावटा

इथिओपियातून आलेल्या एका कार्यालयीन पत्रावर तारीख आहे २२/०४/२०१८. पत्रातला मजकूर मात्र अगदी ताजा, चालू कामाचा आहे. सोबतच्या चिठ्ठीत अदिस अबाबाहून हवासाला जाणाऱ्या बसची वेळ 'सकाळी १२' अशी दिलीय. शिवाय 'इथिओपियात पाय ठेवला की माणूस सात वर्षांनी तरुण होतो' हा व्हॉट्सॲपवरचा ढकलसंदेश सगळ्यांनी वाचलेला असेलच. यात खरं किती? आणि तारीख-वेळ आपल्या हिशेबात आणायची खात्रीची रीत कोणती? सहा तास नक्की मिळवायचे की वजा करायचे, इथपासूनच घोळ आहे.

पंचांगवाचक

पत्राची तारीख बरोबर आहे. २२/०४/२०१८ म्हणजे ताहसास महिन्याची २२ तारीख, आपल्या कॅलेंडरात ३१ डिसेंबर २०२५.

त्यांच्या वर्षात तेरा महिने असतात. पहिले बारा नेमके ३० दिवसांचे. तेरावा पागुमे ५ दिवसांचा, दर चौथ्या वर्षी ६ दिवसांचा. वर्ष ११ सप्टेंबरला सुरू होतं, त्या सणाला एन्कुताताश म्हणतात. त्यांचं २०१८ सुरू झालं ११ सप्टेंबर २०२५ ला.

वर्ष काढायला: ११ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात इसवी सनातून ७ वजा करा, १ जानेवारी ते १० सप्टेंबर या काळात ८.

दिवस आणि महिना काढायला प्रत्येक महिन्याची पहिली तारीख हाताशी असली की पुरतं:

मेस्केरेम – ११ सप्टेंबर
टिकिम्त – ११ ऑक्टोबर
हिदार – १० नोव्हेंबर
ताहसास – १० डिसेंबर
तिर – ९ जानेवारी
येकातित – ८ फेब्रुवारी
मेगाबित – १० मार्च
मियाझिया – ९ एप्रिल
गिनबोत – ९ मे
सेने – ८ जून
हम्ले – ८ जुलै
नेहासे – ७ ऑगस्ट
पागुमे – ६ सप्टेंबर

आता १५ ऑगस्ट १९४७ घ्या. नेहासेची पहिली ७ ऑगस्टला, म्हणून १५ ला नेहासे ९. वर्ष १९४७ − ८ = १९३९. महाराष्ट्र स्थापनेचा १ मे १९६० म्हणजे मियाझिया २३, १९५२.

नुसतं वर्ष बदलायचं आणि दिवस-महिना तसाच ठेवायचा, ही चूक सर्रास होते. या पत्राचं तसं केलं तर २२ एप्रिल २०२६ येईल, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची गफलत. फॉर्म भरताना ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तारीख दिसायला एकदम ठीक दिसते.

खडूस_गणिती

वरच्या यादीला एक पुरवणी हवी. ती सोडली तर दर चार वर्षांनी साडेपाच महिने तुमचा हिशेब एका दिवसाने चुकेल.

त्यांच्या वर्षाला ४ ने भागून ३ उरले की त्या वर्षी पागुमे ६ दिवसांचा. त्याच्या पुढचं वर्ष मग १२ सप्टेंबरला सुरू होतं आणि यादीतल्या सगळ्या तारखा एकेक दिवस पुढे सरकतात. आपल्याकडे २९ फेब्रुवारी येऊन गेली की फरक मिटतो. म्हणून १ जानेवारी २०२४ ला ताहसास २३ नव्हे, २२ होती. पुढची अशी वेळ २०२७ च्या सप्टेंबरात. तेव्हा त्यांचं २०२० साल १२ तारखेला लागेल.

या चार वर्षांच्या फेऱ्याला चार शुभवर्तमानकारांची नावं आहेत: मत्तय, मार्क, लूक, योहान. सहा दिवसांचा पागुमे लूकच्या वर्षाअखेरीस येतो.

ही यादी आपल्या हयातीपुरती आहे, हेही सांगून ठेवतो. त्यांच्याकडे दर चौथं वर्ष लीप म्हणजे लीप, शतकाचा अपवाद नाही. ग्रेगोरियन पद्धतीत १९०० लीप नव्हतं, २१०० नसेल. त्यामुळे २१०० नंतर एन्कुताताश १२ सप्टेंबरला सरकेल, आणि १९०० आधी तो १० ला होता. याचा दाखला त्यांच्या एका मोठ्या राष्ट्रीय सुट्टीतच आहे. सम्राट दुसरा मेनेलिक याच्या सैन्याने अडवाच्या लढाईत इटलीचा पराभव केला तो दिवस येकातित २३, १८८८. इतिहासाच्या पुस्तकांत ही तारीख १ मार्च १८९६ अशी मिळेल. पण विजयदिन आज पाळतात २ मार्चला. दोन्ही बरोबर आहेत. येकातित २३ जागेवरच राहिली, मधल्या १९०० ने आपलं कॅलेंडर एक दिवस हलवलं.

पंचांगवाचक

पुरवणी मान्य. अडवाच्या तारखेत अजून एक गंमत आहे. सगळे महिने ३० दिवसांचे असल्याने तिथल्या चर्चने महिन्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कुणाला ना कुणाला दिलाय. १२ मिकाएल, १९ गब्रिएल, २१ मरियम, २३ गियोर्गिस म्हणजे संत जॉर्ज. आपल्याकडे दर महिन्याला संकष्टी, एकादशी येते ना, तसं. अडवाची लढाई गियोर्गिसच्या २३ लाच झाली, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

सकाळची_न्याहारी

घड्याळाबद्दल सांगतो, कारण बस चुकते ती त्यामुळे.

तिथे तास मोजायला सुरुवात सूर्योदयापासून होते. आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १, 'आंद सआत'. आपले दुपारचे १२ म्हणजे त्यांचे ६. संध्याकाळी ६ ला १२ वाजतात आणि रात्रीची मोजणी पुन्हा १ पासून. म्हणजे तुमची 'सकाळी १२'ची बस आपल्या सकाळी ६ ला सुटते. दुपारी १२ ला स्टँडवर गेलात तर तोवर ती सहा तास पुढे गेलेली असेल.

मिळवायचे की वजा करायचे याचं उत्तर: काहीही करा. बारा तासांच्या तबकडीवर सहा पुढे काय आणि सहा मागे काय, एकाच आकड्यावर येतं. काट्याचं घड्याळ असेल तर तेही नको, तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. मिनिटं तीच राहतात. त्यांचे ३:२० म्हणजे आपले ९:२०.

खरा धोका दिवसाच्या कोणत्या भागातले ९ हा. त्यासाठी चार शब्द लक्षात ठेवा: तेवात (सकाळ), केसआत (दुपारनंतर), माता (संध्याकाळ), लेलीत (रात्र-पहाट). लांबच्या बस भल्या पहाटे सुटतात. कुणी 'लेलीत ११' म्हटलं तर ती पहाटे ५. हे 'रात्री ११' समजून आदल्या रात्रीच जाऊन बसणारेही असतात आणि 'सकाळी ११' समजून डुलत डुलत जाणारेही. पहाटेच्या वेळेबरोबर वारही विचारून घ्या, कारण मध्यरात्रीनंतरची वेळ बोलणाऱ्याच्या डोक्यात कालच्या रात्रीचीच असू शकते.

विमानाच्या तिकिटावर आंतरराष्ट्रीय वेळ असते, तिथे काही हलवायचं नाही. स्थानिक बस, दुकान, तोंडी ठरलेली भेट इथे मात्र दरवेळी विचारा: 'हबेशा की फेरेंज?' म्हणजे इथिओपियन वेळ की परदेश्यांची.

मोडीप्रेमी

फेरेंज म्हणजे आपला फिरंगी. मूळ एकच, फ्रँक. अरबीतून तो एकीकडे तिकडे गेला, फारसीतून इकडे आला.

हबेशा तर आपल्या आणखी जवळचा. हबशी तो हाच. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखाला मराठी कागदांत हबसाण म्हटलेलं सापडतं. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद.

सूर्योदयापासून काळ मोजणं आपल्यालाही नवं नाही. जुन्या पत्रिकांत जन्मवेळ 'सूर्योदयात् गत घटी' अशीच मांडतात. चोवीस मिनिटांची एक घटिका, अहोरात्राच्या साठ.

सकाळची_न्याहारी

घटिकेचा दाखला चपखल. फरक एवढाच की इथिओपियात रोज सूर्य बघून घड्याळ लावत नाहीत, सरळ ६ तासांचं ठरलेलं अंतर धरतात. ते निभतं कारण देश विषुववृत्ताजवळ आहे. अदिस अबाबा सुमारे ९ अंश उत्तरेला. तिथे वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांत जेमतेम तासाभराचा फरक पडतो. मुंबईत तो सव्वादोन तासांच्या आसपास आहे. युरोपात ही पद्धत हिवाळ्यात पार कोलमडली असती.

केनिया-टांझानियात स्वाहिली बोलणारेही असंच मोजतात. 'सा मोजा' म्हणजे शब्दशः एक वाजला, पण घड्याळात सकाळचे ७. गंमत म्हणजे तोच माणूस इंग्रजीत बोलताना ७ च म्हणतो. तेव्हा आकड्यापेक्षा भाषा कोणती चाललीय तिकडे कान ठेवा.

कोडकरी

ज्यांना अशा तारखा सॉफ्टवेअरमध्ये भरायच्या आहेत त्यांच्यासाठी.

टिकिम्त हा दुसरा महिना आणि तोही ३० दिवसांचा. त्यामुळे ३०/०२ ही तिथली खरीखुरी तारीख आहे. पागुमेत जन्मलेल्याची तारीख ०३/१३ अशी असते. आपले फॉर्म दोन्ही नाकारतात. पण नाकारतात ते बरं. ३०/०६ मुकाट्याने आत जाते आणि जून होऊन बसते, तो जास्त त्रास.

सूत्र (ज्युलियन दिनक्रमांक म्हणजे एका ठरावीक प्राचीन दिवसापासून सलग मोजलेले दिवस; तो कोणत्याही कॅलेंडरात बदलता येतो):

ज्युलियन दिनक्रमांक = १७२४२२० + ३६५ × (वर्ष − १) + (वर्ष ÷ ४ चा पूर्णांक) + ३० × (महिना − १) + दिवस

ताडून बघा: १ मेस्केरेम २००० चं उत्तर २४५४३५६ येतं, तो दिवस १२ सप्टेंबर २००७. त्याच दिवशी तिथे नव्या सहस्रकाचा जल्लोष झाला, आपल्या जल्लोषानंतर सुमारे पावणेआठ वर्षांनी. वर्ष ÷ ४ मध्ये दशांश राहू दिला तर दिवस चुकतो. तिथे पूर्णांकच घ्या.

तयार लायब्ररी वापरत असाल तर कॅलेंडर निवडताना नाव नीट वाचा. 'इथिओपिक' आणि 'इथिओपिक अमेते आलेम' अशा दोन पद्धती असतात. दुसरीत वर्षं सृष्टीच्या आरंभापासून मोजतात, पहिलीपेक्षा ५५०० जास्त. साल ७५१८ दिसायला लागलं तर लायब्ररी बिघडलेली नाही, तुम्ही दुसरी निवडलीय.

शिक्का_मोर्तब

कागदपत्रांतली अडचण वेगळी. तारीख कोणत्या कॅलेंडरची ते आधी ठरवा, रूपांतर त्यानंतर. इंग्रजी कागदावर बहुधा 'ई. सी.' (इथिओपियन) किंवा 'जी. सी.' (ग्रेगोरियन) अशी अक्षरं असतात. अम्हारिक कागदावर इसवी तारखेआधी 'इ.ए.अ.' या अर्थाची तीन अक्षरं येतात, म्हणजे 'युरोपीय गणनेनुसार'. ती नसतील तर तारीख त्यांची धरा. आधीच जी. सी. असलेल्या तारखेत पुन्हा आठ मिळवले की पदवी भविष्यकाळात मिळाल्याचं दिसतं.

अक्षरंच नसतील तर वार बघा. आठवडा जगभर तोच आहे. तुमच्या पत्रावर वार असेल तर तो बुधवार असला पाहिजे, कारण ३१ डिसेंबर २०२५ बुधवार होता. २२ एप्रिल २०१८ रविवार होता आणि रविवारी कार्यालयातून पत्र कोण काढतंय?

हिशेबाच्या कागदांत अजून एक खाच. त्यांचं आर्थिक वर्ष १ हम्लेला, म्हणजे ८ जुलैला सुरू होतं. 'पहिली तिमाही' वाचून एप्रिल-जून धरू नका, जानेवारी-मार्चही नाही.

खडूस_गणिती

त्या ढकलसंदेशाचं राहिलंच. कुणी तरुण होत नाही. १९९० मध्ये जन्मलेल्याचं जन्मवर्षही १९८२ किंवा १९८३ होतं, वजाबाकी तेवढीच येते. वय कमी होतं ते फक्त जन्म एका कॅलेंडरातला आणि आज दुसऱ्यातला घेतला तर.

'इथिओपिया सात वर्षं मागे' हेही चुकीचं. मोजणी कुठून सुरू करायची यावरून हा फरक आहे. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अ‍ॅनियानस या भिक्षूने येशूच्या अवताराचा जो काळ काढला, तो त्यांनी धरला. रोममध्ये सहाव्या शतकात डायोनिसियसने वेगळा काढला, तो आपण वापरतो. येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीतला मानतात आणि बहुतेक इतिहासकार हेरोदाचा मृत्यू इसवी सनापूर्वी ४ च्या सुमारास धरतात. म्हणजे नेम दोघांचाही चुकलाय, डायोनिसियसचा जरा कमी.

पंचांगवाचक

आणि ही १२ × ३० + ५ ची मांडणी प्राचीन इजिप्तची. पागुमे हे नावही ग्रीक शब्दावरून आलेलं, अर्थ 'वर जोडलेले' दिवस. इजिप्तच्या कॉप्टिक चर्चचं नववर्ष त्याच दिवशी असतं. साल मात्र सम्राट डायोक्लेशनपासून, इसवी २८४ पासून मोजतात.

अशीच मांडणी मुंबईतही रोज चालू आहे, पारश्यांच्या शहेनशाही कॅलेंडरात. तीस-तीसचे बारा महिने आणि शेवटी गाथांचे पाच दिवस. त्यात लीप दिवसच नाही, त्यामुळे त्यांचं नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे सरकतं आणि सध्या ऑगस्टच्या मध्यावर आलंय. पतेती हा खरं तर वर्षाचा शेवटचा दिवस. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरांनी तो नववर्षाला चिकटवून टाकला.

भटका_पावटा

पत्रावर वार आहे, बुधवारच. म्हणजे ते सुटलं. सोबतच्या चिठ्ठीत 'तिमकत, तिर ११, अदिस' असंही आहे (तिमकत म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा तिथला सण). यादीप्रमाणे १९ जानेवारी येते. यंदा एक दिवसाची पुरवणी लागत नाही ना?

खडूस_गणिती

नाही. २०१८ ला ४ ने भागून २ उरतात. १९ जानेवारीच. २०२४ मध्ये मात्र तिमकत २० ला होता. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला, म्हणजे ताहसास २९ ला. पुरवणीच्या वर्षी तो ताहसास २८ ला घेतात, म्हणून ७ जानेवारी हलत नाही. तिमकतला ही सवलत नाही.

सकाळची_न्याहारी

अदिसमध्ये तिमकतचा मुख्य सोहळा जान मेदा मैदानावर. मिरवणुका आदल्या संध्याकाळी, १८ लाच तिथे पोहोचतात. पाण्याचा विधी १९ च्या सकाळी. 'तेवात १२ ला या' म्हणाले तर सकाळी ६ ला या.