अजिंक्यतारा चष्म्यातून दाखवावा का?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)
वडील 64 वर्षांचे. शुगर आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. पण रिटायर झाल्यापासून पेपर, टीव्ही आणि खिडकीतली खुर्ची. दिवाळीत पुण्याचा भाचा व्हीआरचा हेडसेट घेऊन आला, म्हणजे डोळ्यांवर चढवला की आपण तिथंच आहोत असं दाखवणारा चष्मा. त्यानं 360 अंशांच्या कॅमेऱ्यानं आपल्या साताऱ्याच्या अजिंक्यतारा गडाची चढण शूट केली आणि वडिलांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. गडाच्या दरवाज्याशी आल्यावर यांनी हात पुढं केला, दगडाला टेकायला! मंगळाईचं देऊळ दिसल्यावर बराच वेळ काही बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट शोधत होते.
मंडळाकडे यंदा थोडे पैसे शिल्लक आहेत. एक हेडसेट घेऊन घरात बसलेल्यांना गड दाखवावा, असं मला वाटतं. डीजेपेक्षा बरं. मतं सांगा.

गोडोलीचा गडी
आरं दादा, गड काय पळून चाललाय व्हय? उशाला गड आन् तो बगायला डोळ्याला डबा! मी 18 वर्सं रोज चढतोय, पाऊस असू द्या नायतर थंडी. वर गेल्यावर जो वारा लागतो त्यो तुमच्या चष्म्यात भरून मिळतो का? मिळत आसंल तर चार आनायला सांगा. पैसं उरल्यात तर वाटंवरचा कचरा उचला.

माची_पेठ_सून
काका, तुम्ही चढता कारण पहाटे पाचला बाहेर पडताना तुम्हाला कुणी "कुठं निघालीस?" विचारत नाही. मला तोच गड लांब आहे. वाटेत अंधार, कुत्री, त्यात बिबट्याच्या बातम्या. मी घरात चष्मा लावून ठोकळे कापायचा गेम खेळते, वीस मिनिटांत पदर भिजतो. त्याला निसर्ग म्हणत नाही मी, पण व्यायाम नक्की म्हणते.
आणि मंडळानं एकच वस्तू घ्यायची असेल, तर पायवाटेवर दिवे लावा. चष्मा नको.

फिजिओताई
वडिलांना बसवून दाखवलंत ते उत्तम केलंत. उभं राहून नको. डोळे सांगतात "चाललोय", आतला कान सांगतो "जागेवरच आहे", त्या भांडणात गरगरतं, मळमळतं. शुगरमुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर तोल जायला वेळ लागत नाही. शिवाय काही हेडसेट अर्धा किलोचे असतात, मानेचा त्रास असणाऱ्यांनी जपून.
हिरवळ बघून फरक पडतो, हे खरं. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पेनसिल्वेनियातल्या एका हॉस्पिटलचा अभ्यास छापला. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, वेदनाशामकंही कमी लागली. पण ती झाडं खरी होती, आणि ते पेशंट चालत नव्हते. आपल्याला आठवड्याला निदान 150 मिनिटं दमछाक होईल इतपत चालणं हवंय. बघण्याची मिनिटं त्यात धरत नाहीत.

कासकडचा
माझा पूर्ण पाठिंबा! 2012 मध्ये आमचं कास पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि फुलांच्या दिवसांत आम्हाला आमच्याच रस्त्यावर गाडी घालायला जागा उरली नाही. फुलात लोळून फोटो काढणाऱ्या समद्यांना आधी चष्मे वाटा. घरीच लोळू देत.

हिल_हाफ_मारतोच
2016 ला फोनवर पोकेमॉन पकडायचं खूळ आलं तेव्हा मी कॉलेजात होतो. राजवाडा ते पोवई नाका दिवसातून तीनदा पायी! आई खूश. दोन महिन्यांत खूळ उतरलं, पायही उतरले. यवतेश्वरचा घाट पळायला लागलो तो नंतर, आणि तोही चार टवाळ मित्रांमुळं. न गेल्यास ग्रुपवर जे ऐकावं लागतं, ते कुठलं यंत्र ऐकवणार? त्यामुळं माझं मत विरोधात. बूट शोधायला लावणारी वस्तू एकदाच लागते. ती विकत कशाला, भाच्याकडून परत मागून आणा.

शाहूपुरीकर
मागून आणणं पटलं. ताई, दिव्यांचं मंडळाच्या बैठकीत मांडतो.
आता काल काय झालं ते. वडिलांना घेऊन गडाच्या उतारावरच्या 'चार भिंती' या जागेच्या चढाला लागलो. निम्म्यात बसले. म्हणाले, "त्या चष्म्यात दम लागत नव्हता, फसवलंत मला." माझ्यावर चिडले, भाच्याला फोन लावून त्याच्यावरही चिडले. पण खाली उतरले नाहीत. दहा मिनिटांनी उठले आणि वरपर्यंत आले.

माची_पेठ_सून
त्यांना विचारा, चष्मा नसता दाखवला तर निघाले असते का?

शाहूपुरीकर
विचारलं. "तुला काय करायचंय," म्हणाले.

गोडोलीचा गडी
म्हातारा बेस हाय. रविवारी साडेसहाला घेऊन या त्यास्नी, शाहूनगरच्या बाजूनं सावकाश चढू. सूनबाई, तुमी बी या, माझी मंडळी असत्या संगं. आन् डीजेचं काय ठरलं ते कुणी सांगंना झालंय!