काँग्रेसला पोस्टर नेतेय (पक्षाच्या नव्हे), मराठी शब्दांचं काय करू?

खिडकीपाशी: मी इंग्लंडमध्ये सायकॉलॉजीत मास्टर्स करतेय. पुढच्या महिन्यात पर्सनल कन्स्ट्रक्ट सायकॉलॉजीवाल्यांची (प्रत्येक जण माणसांना आपल्याच मापांनी कसं जोखतो ते बघणारी शाखा) काँग्रेस, म्हणजे परिषद, आहे आणि माझं पोस्टर घेतलंय. घरी फोनवर सांगितलं तर आजोबा म्हणाले, अगं मग तिकीट कुठल्या मतदारसंघाचं?
तर अडचण अशी, की मी इथल्या १२ मराठी बायकांच्या रेपर्टरी ग्रिड केल्या, म्हणजे ओळखीच्या माणसांची तुलना करायला लावणाऱ्या मुलाखती, सगळं मराठीतच. तीन चिठ्ठ्या समोर ठेवायच्या, आई, सासूबाई, ऑफिसातली बॉस, आणि विचारायचं यातल्या कुठल्या दोघी सारख्या आणि तिसरी कशात वेगळी. एक काकू म्हणाल्या आई आणि बॉस मोकळ्या, सासूबाई आतल्या गाठीच्या. दुसरीनेही मोकळीच म्हटलं, पण मोकळीच्या विरुद्ध काय विचारलं तर म्हणाली "संसारी". गाइड म्हणतात दोन्हीकडे इंग्रजीत ओपन आणि क्लोज्ड लिहून टाक, लोकांना कळायला हवं. मला ते काही केल्या पटत नाहीये.

गणित_सोडलेला: नका लिहू!! ही शाखा काढणाऱ्या जॉर्ज केलीचं म्हणणंच मुळी हे होतं की विरुद्ध टोक डिक्शनरीत बघायचं नाही, ते ज्याचं त्याला विचारायचं. तुमच्याकडे शब्द एक आहे पण कन्स्ट्रक्ट (म्हणजे दोन विरुद्ध टोकांची जोडी) दोन आहेत, आणि पोस्टरमध्ये बघण्यासारखं तेच आहे की. मराठी जोडी मोठ्या अक्षरात, खाली इंग्रजीत उच्चार आणि एक ओळ अर्थ, बास. मी एकदा गेलोय अशा ठिकाणी, गर्दी फार नसते, लोक पोस्टरपाशी थांबून गप्पा मारतात. कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन जा, तिथल्या तिथे करून दाखवता येतं.

पुणेरी_शंका: १२ बायकांवरून काय सिद्ध होणार? आणि हा केली म्हणजे तोच ना जो शेतकऱ्यांना काहीबाही कारणं ठोकून द्यायचा?

गणित_सोडलेला: हो तोच 😄 १९३० च्या दशकात कॅन्ससमध्ये, दुष्काळ आणि धुळीची वादळं चालू असताना फिरतं क्लिनिक चालवायचा. आधी फ्रॉइडच्या पद्धतीने अर्थ लावायचा, मग मुद्दाम अचाट अर्थ सांगून बघितले तरी काही लोकांना बरं वाटायला लागलं. पण काहीही चालायचं असं नाही हां, त्या माणसाच्या अडचणीला लागू पडेल आणि पुढे काहीतरी वेगळं करून बघता येईल असं ते असायला लागायचं. त्यातूनच पुढे १९५५ चे त्याच्या सिद्धांताचे ते दोन जाडजूड खंड आले. स्वतः १९६७ मध्ये गेला, पहिली काँग्रेस १९७५ ला नेब्रास्कात भरली, म्हणजे त्याने काही बघितली नाही. आणि १२ चं म्हणाल तर सरासरी काढायचीच नाहीये हो इथे, एकेक बाई तिचं जग कसं लावते ते बघायचंय.

सायली_ठाणे: लॅडरिंग केलंस का गं? मोकळी असणं बरं की दुसरं टोक बरं, आणि का, मग त्या उत्तरालाही का, असं वर वर चढत जायचं. हिंकल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये काढलेली युक्ती. दोघींच्या शिड्या वेगळ्या निघाल्या तर गाइडही गप्प बसतील.

खिडकीपाशी: केलंय!! आत्ता वही काढून बघितली. काकू म्हणाल्या मोकळी बरी, "बोलून टाकलं की रात्री झोप लागते". दुसरी आधी हसली, मग म्हणाली "कुठे निघालीस असं विचारणारं कोणी नसतं". शेजारी शेजारी लावते दोन्ही, ओपन-बिपन काही नाही. फक्त प्रिंटवाल्याच्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटतायत, "क्ष" चा पार भुगा झालाय.

सायली_ठाणे: अक्षरांचं आउटलाइन करून पाठव त्याला, फॉन्टची भानगडच नको. आणि आधी ए-फोरवर एक प्रिंट काढून बघ.