कॅमेऱ्यातले सी१, सी२ मोड (आपली सेटिंग साठवून ठेवण्याच्या जागा) आधीच नोंदवून ठेवावेत का?

मांडवीकाठ: गोव्यात रायबंदरहून फेरीने चोडणला उतरले की सलीम अली पक्षी अभयारण्यातले बहुतेक पक्षी खारफुटीच्या सावलीत टिपावे लागतात. गेल्या रविवारी खाडीवर झुकलेल्या फांदीवर खंड्या निश्चल बसला होता आणि त्याच्यासाठी मी शटर १/२५० सेकंद ठेवले होते. त्याने पाण्यात सूर मारताच मला १/२००० हवे होते, म्हणजे प्रकाश आठपट कमी, त्यामुळे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवणे आले, शिवाय सर्वो फोकस (हलत्या पक्ष्याचा मागोवा घेणारा) आणि सलग चित्रण वेगळेच. हे सगळे हाताने बदलेपर्यंत तो चोचीत मासा घेऊन परत फांदीवर येऊन बसला होता. घरी आल्यावर मी बसलेल्या पक्ष्याचे सेटिंग सी१ मध्ये आणि उडत्या पक्ष्याचे सी२ मध्ये नोंदवले. प्रत्येक छायाचित्रकाराने हे करून ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

फोंड्याचा वाटसरू: मी सहमत नाही. शिगम्याच्या मिरवणुकीतल्या रोमटामेळासाठी (ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या मेळासाठी) मी एफ/२.८ (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके ते मोठे), १/५०० आणि आयएसओ १६०० असा मोड नोंदवला होता. यंदा त्याच मोडवर भरवसा ठेवला, पण कॅमेऱ्याला लावलेली लेन्स एफ/४ च्या पुढे उघडत नव्हती, हे माझ्या ध्यानात राहिले नाही. ढोल-ताशांच्या त्या गर्दीत स्क्रीन नीट पाहायला सवड कुठली? सगळी छायाचित्रे निम्म्याच प्रकाशात निघाली. ही तीन मूल्ये त्या वेळी हाताने बसवली असती, तर लेन्स बदललेली आहे हे पहिल्याच फ्रेमला कळले असते.

मांडवीकाठ: आपले नुकसान वाचून वाईट वाटले, परंतु दोष मोडचा नसून त्यात आयएसओ गोठवण्याचा आहे. मी शटर, फोकसची पद्धत आणि सलग चित्रण एवढेच पक्के करतो आणि आयएसओ ऑटोवर, म्हणजे प्रकाश पाहून ठरवायला कॅमेऱ्यावर सोडतो. कॅननमध्ये आपोआप अद्ययावत होण्याचा पर्याय बंद ठेवला की जागेवर केलेले बदल कॅमेरा बंद करताच पुसले जातात आणि दुसऱ्या दिवशी मूळ सेटिंग जसेच्या तसे मिळते.

करमळीचे तळे: हे सर्वच कॅमेऱ्यांना लागू नाही. निकॉन डी७००० वर असेच यू१, यू२ मोड आहेत आणि तेही मूळ सेटिंगवर परततात. डी८५० वर मात्र त्यांच्या जागी ए ते डी अशा बँका (सेटिंगचे संच) आहेत आणि त्यांत केलेला बदल तसाच टिकून राहतो. आज कोणी बँक बी मध्ये शटर १/६० केले, तर पुढच्या पहाटे बगळा उडताना तेच १/६० समोर येईल.

फोंड्याचा वाटसरू: खंड्यासाठी सी२ असावा, एवढे मी मान्य करतो, कारण तिथे खरोखरच वेळ नसतो. मिरवणुकीत मात्र एका चित्ररथाचा झगझगीत उजेड संपून पुढच्याचा मंद दिवा येईपर्यंत मिनिटभर तरी हाताशी असते, आणि त्या मिनिटात तिन्ही मूल्ये मी स्वतःच बसवीन.